शंभर कोंबड्यांची बाटली

गल्लीतल्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव माहीत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना ते आठवत नव्हतं. बसमध्ये कंडक्टर म्हणून एकतीस वर्षं काढल्यावर सगळे तिला ‘डबलबेल’च म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती एकट्या ड्रायव्हरची. त्या एकतीसपैकी अकरा वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. पण तो पुढे बघणार आणि ती मागे, त्यामुळे अकरा वर्षांत त्यांनी एकमेकांची तोंडं फारशी पाहिली नव्हती. बोलणं काय ते घंटेवर. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की निघा. निवृत्तीनंतर दोघं एकाच गल्लीत, तिरक्या समोरासमोरच्या घरांत राहू लागले, तेव्हा कुठे कळलं की दोघांनाही भांडायला मनापासून आवडतं.

कोंबड्यांशी तिचा आयुष्यभराचा संबंध म्हणजे कुणी पिशवीतून कोंबडी आणली की तिचं सामानाचं तिकीट फाडणे, एवढाच. कोंबड्या होत्या तिच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे परस, अशा त्या घरात दोघी राहायच्या. पुढे अक्काच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तिची मुलगी तिला आपल्या गावी घेऊन गेली. मागे राहिल्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा.

“काही करावं लागत नाही गं,” अक्का निघताना म्हणाली. “सकाळी सोडायच्या, संध्याकाळी कोंडायच्या. मधे दाणापाणी.”

“आणि आजारी पडल्या तर?”

“पडल्या तर मरतात,” अक्का म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली.

पहिले काही दिवस डबलबेल त्या कोंबड्यांकडे संशयाने बघायची आणि त्याही तिच्याकडे. पण हाडात मुरलेली सवय जाते थोडीच? रोज सकाळ-संध्याकाळ ती बोट नाचवत त्यांना मोजायची, आणि मोजता मोजता एकेक ओळखीची झाली. एक लंगडी. एक मानेवर पिसं नसलेली. एक भांडखोर, जी दाण्याच्या ताटलीत उभी राहूनच खायची, म्हणजे दुसरीला जागाच नको. अशा बायका तिने बसमध्ये पुष्कळ पाहिल्या होत्या. महिनाभरात ती त्यांच्याशी बोलायला लागली, आणि दोन महिन्यांत त्यांची उत्तरंही तिला ऐकू यायला लागली.

मग एका सकाळी सगळ्या बाहेर आल्या, पण लंगडी आतच बसून राहिली. पिसं फुलवून, डोळे मिटून. खाली हिरवट पाण्यासारखी विष्ठा. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी भांडखोर कोंबडीची मान वळत वळत पाठीवर गेली, चोच आभाळाकडे. ती उभी राहायला गेली की गोल गोल फिरून पडायची. डबलबेलने तिला मांडीवर घेतलं, ओल्या फडक्याने चोचीत पाणी सोडलं, आणि तिची मान सरळ धरून संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली. हात सोडला की मान पुन्हा वळायची. पाचव्या दिवशी खुराड्यात मोजायला कुणी उरलं नाही.

गल्लीत घरोघर तेच. “मानमोडी आली,” लोक म्हणाले, जसं ऊन पडलं म्हणावं तसं. कुणी मेलेल्या कोंबड्या मागच्या खड्ड्यात फेकल्या. ज्यांच्या धडधाकट दिसत होत्या त्यांनी त्या पिशवीत घालून घाईघाईने बाजारात विकल्या, म्हणजे रोगाला हाताला धरून पुढच्या गावी पोचवलं.

अक्काचा दर आठवड्याला फोन यायचा. “कशा आहेत माझ्या पोरी?”

“बऱ्या आहेत,” डबलबेल म्हणाली. नोकरीत कधी खोटं न बोललेली बाई दोन आठवडे खोटं बोलली. तिसऱ्या आठवड्यात तिचा बांध फुटला. “अक्का, गेल्या गं सगळ्या. मी काहीच करू शकले नाही.”

अक्का म्हणाली, “अगं, रडतेस काय? जातातच त्या. दर दोन-तीन वर्षांनी जातात. माझ्याच चारदा गेल्या. मग नव्या आणायच्या.”

फोन ठेवल्यावर रडू थांबलं आणि संताप चढला. तरातरा जाऊन तिने ड्रायव्हरचं दार वाजवलं.

“दर दोन वर्षांनी गाडी दरीत जाते, सगळी सीटं मरतात, आणि कुणी विचारतसुद्धा नाही की का? दुसरे प्रवासी भरायचे आणि चालू लागायचं?”

“कोणती गाडी?” ड्रायव्हर दचकून म्हणाला. त्याच्या एका गालाला दाढीचा साबण होता.

दुसऱ्या दिवशी ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर फिरतीवर होते. टेबलाशी कंपाउंडर बसला होता, नोंदवहीत मान घातलेला, वाळलेला माणूस.

“कोंबडी आणलीय?” त्याने वर न बघता विचारलं.

“नाही. मेल्या.”

“मग आता काय करणार?”

“त्यांचं काही नाही. पुढच्यांचं विचारायला आलेय.”

तेव्हा त्याने मान वर केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मेल्यानंतर येणारे त्याने बरेच पाहिले होते. आधी आलेलं कुणी त्याला आठवत नव्हतं. त्याने तिला स्टूल दिलं आणि सगळं नीट सांगितलं. मानमोडीला औषध नाही. लस मात्र आहे. डोळ्यात एक थेंब, तोही कोंबडी ठणठणीत असताना, आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा. अडचण एकच. लसीची बाटली शंभर कोंबड्यांची असते. पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते, मग ती मेली म्हणायची. सात कोंबड्यांसाठी शंभरची बाटली कोण फोडणार? म्हणून मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना लस मिळते आणि परसातल्या कोंबड्या मरतात.

“म्हणजे गाडी भरल्याशिवाय सुटत नाही,” डबलबेल म्हणाली.

“असंच समजा. नव्वदच्या वर कोंबड्या जमवा, बाटली मी देतो.” मग म्हणाला, “पण तुमच्या घरापासून सुरुवात करा. खुराडं घासा, चुना लावा, दोन महिने रिकामं ठेवा.”

अक्काचं खुराडं आजवर कधी कुणी घासलं नव्हतं. डबलबेलने पदर खोचला. वीतभर साचलेली घाण खरवडून पुरली, जुना भुसा जाळला, आणि बसायच्या दांड्या काढायला ड्रायव्हरला बोलावलं. दांडीचं टोक भिंतीतल्या खाचेतून सुटलं आणि खाचेतून तांबड्या ठिपक्यांची धारच लागली. मोहरीच्या दाण्याहून बारीक, चालणारे. तिने पांढरं फडकं खाचेत फिरवलं, तर ते रक्ताने माखलं.

“हे काय?” ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला.

“फुकटे प्रवासी,” ती म्हणाली. दिवसा फटीत लपून बसायचं आणि अंधार पडला की कोंबडीचं रक्त प्यायचं, हा या किड्यांचा धंदा, असं कंपाउंडरने नंतर सांगितलं. दाणे खाऊनही मानेवर पिसं नसलेली ती कोंबडी फिकट का दिसायची, तिचा तुरा पांढुरका का पडला होता, ते तिला आत्ता कळलं. कळून उपयोग नव्हता, म्हणून ती जास्तच जोरात घासत सुटली. फटीफटीत उकळतं पाणी, वर चुना, दांड्या उन्हात. कोपऱ्यात पसरट खड्डा करून त्यात कोरडी माती आणि चाळलेली राख टाकली. कोंबडी त्यात लोळली की अंगावरच्या उवा मरतात. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, आपल्या गाडीला एवढं कधी धुतलं होतं का?” त्यावर तिने त्याच्या हातात दुसरा ब्रश दिला.

मग सुरू झाली घरोघरची फेरी. ज्या बाईकडे एकही कोंबडी नाही ती वही घेऊन दुसऱ्यांच्या नव्या कोंबड्या मोजत हिंडते, ही गल्लीला करमणूकच झाली. “डोळ्यात थेंब टाकून पोटातला रोग जातो होय?” निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. कुणी म्हणालं अंडी बंद होतील, कुणी म्हणालं कोंबड्या आंधळ्या होतील. डबलबेलने कुणाशी वाद घातला नाही. गर्दीच्या वेळी सत्तर माणसं आत सरकवलेली बाई ती. तिला ठाऊक होतं की समजावून कुणी सरकत नाही, शेजारचा सरकला की सरकतो. म्हणून ती प्रत्येकाला एवढंच सांगायची, “शेजारच्यांनी हो म्हटलंय.” पहिल्या दोन घरी ते खरं नव्हतं. तिसऱ्या घरापासून झालं.

लोकांनी हळूहळू नव्या कोंबड्या आणल्या होत्या. दोन महिन्यांनी तिनेही सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या, पण खुराड्यात सोडल्या नाहीत. न्हाणीघराजवळ जाळी उभारून पंधरा दिवस वेगळ्या ठेवल्या आणि रोज त्यांचं नाक, डोळे, विष्ठा बघितली. तेवीस घरांत मिळून चौऱ्याण्णव कोंबड्या झाल्या.

लस द्यायची ती पहाटेच, कोंबड्या सोडायच्या आत. एकदा सोडल्या की धरता धरता नाकी नऊ येतात. कंपाउंडरने बर्फ घातलेल्या थर्मासातून बाटली आणली, कालवून दिली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. ड्रायव्हर कोंबडी काखेत धरायचा, डबलबेल तिचं डोकं आडवं करून डोळ्यात एक थेंब सोडायची आणि कोंबडीने पापणी मिटून उघडेपर्यंत थांबायची. मग पंखावर निळीचा ठिपका. “पुढचं!” टेलरमास्तरांच्या पाच, मुख्याध्यापिकाबाईंच्या तीन. एका घरी खुराडं उघडताच कोंबड्या उधळल्या आणि ड्रायव्हर पाण्याच्या टाकीमागे रांगत गेला. शेवटच्या घरी शेवटचा थेंब पडला तेव्हा दोन तासांना आठ मिनिटं कमी होती.

“वेळेवर पोचलो,” ड्रायव्हर गुडघे झाडत म्हणाला. नोकरीत हे वाक्य त्याच्या तोंडून फार वेळा निघालं नव्हतं.

नवव्या दिवशी टेलरमास्तरांच्या कोंबड्या मेल्या. सगळ्या.

मास्तर एरवी मऊ माणूस. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचा आवाज कधी चढलेलाच कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी नळावर तो गल्लीभर ऐकू गेला. “सोन्यासारख्या कोंबड्या होत्या! डोळ्यात विष घातलं त्या बाईने. डॉक्टर आहे का ती? तिकिटं फाडणारी बाई!” संध्याकाळपर्यंत अकरा घरांनी तिला सांगितलं, पुढच्या वेळी आमच्याकडे येऊ नका.

डबलबेल मागच्या खड्ड्याकडे गेली. मास्तरांनी कोंबड्या टाकल्या होत्या तिथे काठीने माती सारून तिने मोजल्या. पाचऐवजी सात निघाल्या. पाचांच्या पंखांवर निळीचा ठिपका होता. दोघींच्या पंखावर काही नव्हतं. पायाला लाल दोरा होता, बाजारातला कोंबडीवाला बांधतो तसला. तिने सातही कोंबड्यांवर चुना टाकून खड्डा खोल बुजवला, चपला बाहेर काढल्या आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

ड्रायव्हरने ऐकलं मात्र, तो उसळला. “म्हणजे लस दिल्यावर बाजारातून दोन रोगट कोंबड्या आणून आत सोडल्या! कंपाउंडर म्हणालाच होता, थेंब अंगी लागायला दहा-बारा दिवस लागतात म्हणून. चला बाई, आत्ताच्या आत्ता नळावर जाऊन सांगू. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?”

“नको.”

“का नको? तुमच्या तोंडाला काळं फासतायत लोक!”

तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “तुम्हाला आठवत नसेल. बाजाराच्या दिवसाची गाडी होती, खचाखच भरलेली. एका म्हाताऱ्याकडे तिकीट नव्हतं. मी सगळ्यांसमोर त्याला झाडलं, घंटा मारून खाली उतरवलं. बरोबर त्याची सून होती. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. माझं काही चुकलं नव्हतं, नियमच तो. पण त्या म्हाताऱ्याचं तोंड मला अजून दिसतं, ड्रायव्हर. तुम्ही पुढे बघत होतात, तुम्हाला नाही दिसलं.”

ड्रायव्हरने कप उचलून विसळायला नेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसतं अशा वेळी, ती टेलरमास्तरांकडे गेली. तिला बघून त्यांनी मशीनचा पाय आणखी जोरात मारला.

“उशीच्या खोळी शिवायच्यात,” ती म्हणाली आणि कापड टेबलावर ठेवलं.

“सवड नाही.”

“बरं.” ती बाकावर बसली. “मास्तर, लाल दोऱ्याच्या दोघी कुठल्या हो?”

मशीन थांबलं. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

“हिने आणल्या,” ते शेवटी म्हणाले. “लस दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी. दिसत होत्या चांगल्या. एक जरा गप्प होती. आता हिला काय बोलू? आधीच रडून रडून डोळे सुजलेत तिचे.” मग मान खाली घालून म्हणाले, “तुम्ही सांगितलं होतंत पंधरा दिवसांचं. मीच म्हटलं, त्याने काय होतं.”

“खुराडं घासा, चुना लावा, दोन महिने रिकामं ठेवा. जाळी माझ्याकडे आहे, नव्या आणाल तेव्हा घेऊन जा. आणि पुढची लस तुमच्या घरापासून सुरू करायची आहे.”

“आणि लोकांना काय सांगणार आहात?”

“लोकांनी मला काही विचारलेलं नाही,” डबलबेल म्हणाली. “खोळींना बटणं नकोत, नाडी लावा.”

मास्तरांनी नळावर जाऊन छाती बडवून कबुली दिली, असं काही झालं नाही. माणूस तेवढा मोठा नव्हता, आणि किती असतात? पण चार दिवसांनी कुणी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “थेंबाचा दोष नव्हता. आमचंच काहीतरी चुकलं.” एवढ्याने अकरापैकी आठ घरं परत आली. उरलेली तीन आली ती पुढच्या हिवाळ्यात, जेव्हा मानमोडी पुन्हा आली. पलीकडच्या दोन गल्ल्यांत खुराडी ओस पडली. डबलबेलच्या यादीतल्या अठ्ठ्याण्णव कोंबड्यांपैकी चार गेल्या. त्या चारांसाठी ती कंपाउंडरशी तासभर भांडली. तो हात जोडून म्हणाला, “बाई, लस आहे, जादू नाही.”

एव्हाना लोक नुसत्या थेंबावर थांबले नव्हते. कुणी कोंबडी काखेत मारून आणायचा, आणि डबलबेल पंखाखालची पिसं फुंकून बघायची: उवा आहेत का, बुडाशी लिखा आहेत का. कोंबडी खाऊनही वाळत असेल तर जंताचं औषध कधी, किती, हे ती कंपाउंडरला विचारूनच सांगायची. मनाने एक गोळी दिली नाही. पाण्याची भांडी रोज घासा, दाणे जमिनीवर फेकू नका, ओला भुसा ठेवू नका, हे मात्र न विचारता सांगायची, दोनदोनदा. तिच्या परसाच्या दाराशी एक चपलांचा जोड ठेवलेला असे. बाहेरची चप्पल आत नाही, आतली बाहेर नाही. उन्हाळ्यात अक्का राहायला आली आणि तीस वर्षं वावरलेल्या स्वतःच्या परसाच्या उंबऱ्यावर तिला अडवलं गेलं.

“पाय धू आधी. आणि ही चप्पल घाल.”

“माझ्याच परसात? माझ्याच कोंबड्यांना?”

“तुझ्या चारदा मेल्या,” धाकटी म्हणाली.

अक्का फणफणली, पुटपुटली, पण तिने पाय धुतले. आत जाऊन राखेच्या खड्ड्यात लोळणाऱ्या कोंबड्या बघत ती बराच वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, “मला कुणी सांगितलंच नाही गं.” डबलबेलने तिला बसायला स्टूल आणून दिलं.

तिच्याही कोंबड्या अमर नव्हत्या. एक मुंगसाने नेली, एक म्हातारपणाने गेली, एक भिंतीवरून उडून कुत्र्याच्या तोंडी पडली. “त्याची लस निघायचीय,” ती म्हणायची आणि डोळे पुसून जाळी दुरुस्त करायची.

परवाच पलीकडच्या गल्लीतली दूध केंद्रावरची बाई तिच्याकडे आली. घाबरत घाबरत म्हणाली, “मावशी, आमच्याकडे पण याल का? मी मोजल्या. एकोणचाळीस आहेत.”

“शंभराला एकसष्ट कमी,” डबलबेल म्हणाली. “मी येणार नाही. तुम्ही शोधा. वही देते, पेन देते. पुढच्या फेरीला माझ्याबरोबर हिंडून थेंब कसा सोडायचा ते शिका.”

“पण लोक माझं ऐकतील का?”

“नाही ऐकणार. शेजारच्यांनी हो म्हटलंय म्हणून सांगा.”

बाई वही छातीशी धरून गेली. कट्ट्यावर बसलेला ड्रायव्हर हसत म्हणाला, “काय हो डबलबेल, खोटं बोलायला शिकवता होय?”

“तुम्ही गुडघ्याला तेल लावा,” ती म्हणाली. “रविवारी तेवीस घरं आहेत, आणि त्या मुख्याध्यापिकाबाईंनी आता बदकं आणलीत. बदकांचं काय करायचं ते कंपाउंडरला विचारायला हवं.”

आणि ती आतली चप्पल काढून, बाहेरची घालून, दवाखान्याकडे निघाली.